लेथ बंद करून ऐकलेली मॅच

१५ मार्च १९७५, शनिवार. क्वालालंपूरच्या मर्डेका स्टेडियमवर भारतानं पाकिस्तानला २-१ असं हरवलं आणि हॉकीचा वर्ल्ड कप जिंकला. पुरुषांच्या हॉकीत आपल्या नावावर असलेला हा एकच वर्ल्ड कप. कपिलदेवनं लॉर्ड्सवर कप उचलला तो १९८३ मध्ये, म्हणजे ह्यानंतर आठ वर्षांनी. कपिलचा तो फोटो चहाच्या टपरीवरसुद्धा सापडतो. हॉकीच्या त्या संघाचा कर्णधार अजितपालसिंग, त्याचा फोटो दाखवला तर ‘हे कोण?’ असं विचारणारेच जास्त. मला ह्याचं मनापासून वाईट वाटतं.

पण कोल्हापुरातल्या आमच्या मंगळवार पेठेत सत्तरी ओलांडलेल्या माणसांपुढं ‘पंच्याहत्तरची मॅच’ एवढंच म्हणून बघा. माणूस मांडी मोडून सरसावून बसतो. आणि मग एक गोष्ट दर वेळी घडते, ती मला फार वर्षं लक्षातच आली नव्हती. ही माणसं फायनलपासून सुरुवात करत नाहीत. पाकिस्तानला हरवलं, कप मिळाला, हे शेवटी दोन वाक्यांत येतं. आधी तासभर चालते ती मलेशियाबरोबरची सेमीफायनल.

ती सेमीफायनल मी ऐकलेलीच नाही. मी तेव्हा पाचवीत होतो, कामाचा दिवस होता, मी शाळेत होतो. फायनल मात्र मी घरच्या रेडिओवर पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. तरीही डोळे मिटले की सेमीफायनलच जास्त लख्ख दिसते. न पाहिलेली, न ऐकलेली मॅच आपल्या आठवणीत इतकी घट्ट कशी बसते? मला वाटतं, खेळावर जीव लावणाऱ्या माणसाची आठवण ही त्याच्या एकट्याची नसतेच. जमीन, घर, कुलदैवत जसं वारसानं येतं, तशी ही मॅच माझ्याकडं काकांकडून आली.

काका म्हणजे माझे थोरले चुलते. आता ऐंशी पार केली आहे, कान थोडे कमी झालेत, पण मॅच सांगायची म्हटली की आवाज अजून खणखणीत. १९७५ मध्ये ते शिवाजी उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये टर्नर होते, म्हणजे लेथ मशिनवर लोखंड कातायचं काम. ऑइल इंजिनचे सुटे भाग तिथं बनायचे. वर छताखालून एक लांब शाफ्ट फिरायचा आणि त्यावरून चामडी पट्टे खाली एकेका मशिनवर आलेले असायचे. मेन मोटरचा खटका पाडला की सगळं वर्कशॉप एकदम थांबायचं. मोटर चालू असेल तर शेजारी उभ्या माणसाचं बोलणंसुद्धा ऐकायला यायचं नाही, मग रेडिओ कुठला. रेडिओ भिंतीतल्या फळीवर, ग्रीसच्या डब्याशेजारी ठेवलेला. त्याच्या पांढऱ्या बटणांवर सगळ्यांच्या बोटांचे काळे ठसे.

त्या दिवशी काय भीती होती, ते आधी सांगायला हवं. हॉकीत आपलं राज्य होतं हे घराघरात माहीत होतं, पण ते राज्य गेल्यासारखं झालं होतं. १९६८ आणि १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये ब्राँझवर समाधान मानावं लागलं. पहिला वर्ल्ड कप १९७१ मध्ये बार्सिलोनाला झाला, तिथं सेमीफायनलला पाकिस्ताननं हरवलं. १९७३ मध्ये अॅमस्टलव्हीनला तर हातातोंडाशी आलेला घास गेला. नेदरलँड्सविरुद्धच्या फायनलमध्ये आपण २-० नं पुढं होतो, त्यांनी बरोबरी केली, जादा वेळेत आपल्याला मिळालेला पेनल्टी स्ट्रोक हुकला आणि टायब्रेकरमध्ये आपण हरलो. त्यामुळं १९७५ मध्ये कुणी छाती फुगवून रेडिओपुढं बसलेलं नव्हतं. शिवाय गटात अर्जेंटिनाकडून १-२ अशी हार झालेली. (दर फुटबॉल वर्ल्ड कपला आमच्या पेठेत अर्जेंटिनाचे निळे-पांढरे झेंडे लागतात. काका खिडकीतून त्या झेंड्यांकडं बघत एकदा म्हणाले होते, “ह्यांनीच हरवलं हुतं आपल्याला, पंच्याहत्तरला.” पोरांना वाटलं, म्हातारा फुटबॉलचं बोलतोय.)

तर सेमीफायनल. समोर यजमान मलेशिया, प्रेक्षक सगळे त्यांचे. पहिला गोल त्यांनी केला. बरोबरी साधली ती शिवाजी पवारनं. आता हे नाव कोल्हापुरात रेडिओवरून ऐकू येणं म्हणजे काय, ते इथं राहणाऱ्यालाच कळेल. पंजाबी, शीख, अँग्लो-इंडियन, आदिवासी, दक्षिणेकडची अशी सगळी नावं येत असताना मधेच ‘शिवाजी पवार’! काका म्हणतात, “नाव आलं आणि वाटलं, आपल्या तालमीतलंच पोरगं खेळतंय.” तो कुठला, कुठं वाढला, हे कुणी विचारत बसलं नाही. नाव पुरेसं होतं.

पण मलेशियानं पुन्हा आघाडी घेतली. २-१. आणि घड्याळ पुढं चाललेलं. सामना सत्तर मिनिटांचा. इथंच वर्कशॉपच्या मालकांनी स्वतः उठून मोटरचा खटका पाडला. काका हा क्षण सांगताना आवाज खाली आणतात. पट्टे सळसळत थांबले, शाफ्टची घरघर बसत गेली, आणि कॉमेंट्री करणाऱ्या जसदेवसिंगांचा आवाज एकदम मोठा झाला. खरं तर तो तेवढाच होता, गोंगाट गेला म्हणून मोठा वाटला. काकांच्या लेथवर जॉब चढवलेला होता, टूल अर्ध्या कटात होतं. तसंच थांबलं.

तो जॉब मी हातात घेऊन पाहिलेला आहे. मुठीत मावेल एवढा लोखंडी दांडा. एका बाजूला गुळगुळीत चकाकी, दुसऱ्या बाजूला खरबरीत काळी साल, आणि मधोमध, टूल जिथं थांबलं तिथं, केसाएवढं एक कडं. बोट फिरवलं की नखाला लागतं. मशिन चालू असताना मधेच थांबवलं की असं कडं उमटतं आणि माल रिजेक्ट होतो. मालकांनी त्याचा हिशेब मागितला नाही. काकांनी तो दांडा घरी आणला, आणि कितीतरी वर्षं आमच्या घरात लाइट बिलांवर वजन म्हणून तोच ठेवलेला असायचा.

पाच मिनिटं उरली होती. पेनल्टी कॉर्नर मिळाला. मॅनेजर बलबीरसिंगांनी फुलबॅक मायकेल किंडोला बाहेर बोलावून अस्लम शेरखानला आत पाठवलं होतं. त्या काळी कॉर्नरला बॉल हातानं थांबवून द्यायची मुभा होती, मग मागून येणाऱ्यानं सणसणीत फटका मारायचा. पासष्टाव्या मिनिटाला अस्लमनं तो मारला. गोल. २-२. वर्कशॉपमधल्या एका हेल्पर पोरानं ऐरणीवर हातोडा घातला आणि तो घालतच राहिला. जादा वेळेत हरचरणसिंगनं तिसरा गोल केला आणि आपण ३-२ नं फायनलमध्ये गेलो. मालकांनी मोटर पुन्हा चालू केली नाही. त्या दिवशी काम तिथंच संपलं.

हे सांगताना काका नेहमी आणखी एक गोष्ट सांगतात. अस्लमनं बॉल मारण्याआधी गळ्यातला तावीज ओठांना लावला. “असा,” म्हणून स्वतःचा हात गळ्याकडं नेऊन दाखवतात. गोष्ट खरी आहे. पण ती रेडिओवर दिसणार कशी? ती नंतर कळली, मुलाखतींतून, लेखांतून, लोकांच्या तोंडून. वर्कशॉपमध्ये त्या दुपारी तावीज कुणाला माहीत असण्याची शक्यताच नाही. तरीसुद्धा काकांच्या आठवणीत लेथ थांबतो, तावीज ओठांना लागतो आणि गोल होतो, ह्याच क्रमानं. नंतर कळलेली गोष्ट मागं जाऊन आपल्या जागी बसली. मी ती कधी दुरुस्त केली नाही. क्वालालंपूरच्या मैदानावर जे घडलं आणि उद्यमनगरातल्या पत्र्याखाली जे घडलं, ते काकांनी एकत्र आणून ठेवलंय, आणि दोन्ही घडलेलंच आहे.

तावीजाची गोष्ट पेठेत कुणी आणली, ह्यावर वाद आहे. मला सगळ्यात पटतं ते नाव आझाद चौकाजवळच्या रेडिओ दुरुस्तीवाल्या चाचांचं. आमच्या भागातले निम्मे रेडिओ त्यांच्या हाताखालून गेलेले. १९७१ चं युद्ध होऊन सव्वातीन वर्षं झाली होती आणि फायनल पाकिस्तानशी होती. त्या दिवशी चाचांच्या दुकानात, सोल्डरिंगच्या धुरात, माणसं दाटीवाटीनं उभी राहून मॅच ऐकत होती, हे तिथं उभं राहिलेल्या तिघा-चौघांकडून मी वेगवेगळं ऐकलंय. चाचा अस्लमचं फार सांगायचे. त्याचे वडील अहमद शेरखान १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये ध्यानचंदांबरोबर खेळले होते, जर्मनीला ८-१ नं हरवणाऱ्या संघात होते, हे मी पहिल्यांदा त्यांच्याकडून ऐकलं. आणि फायनलचा विजयी गोल मारणारा अशोककुमार हा ध्यानचंदांचा मुलगा. म्हणजे बर्लिनच्या संघातल्या दोघांच्या मुलांनी, एकानं सेमीफायनलला आणि एकानं फायनलला, आपल्याला कप मिळवून दिला. ह्यावर कुणी कादंबरी लिहिली असती तर लोक म्हणाले असते, जुळवून आणलंय.

ह्या संघाचे मॅनेजर बलबीरसिंग. १९४८, १९५२, १९५६ अशी तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं त्यांच्या नावावर. चंदीगडला शिबिर झालं, त्याची जबाबदारी पंजाब सरकारनं उचलली होती. बलबीरसिंगांनी संघाला देऊळ, मशीद, चर्च, गुरुद्वारा सगळीकडं एकत्र नेलं, आणि क्वालालंपूरला अस्लमबरोबर स्वतः मशिदीत गेले. शाहू महाराजांच्या गावात ही गोष्ट लगेच आपली वाटते, तिला वेगळं स्पष्टीकरण लागत नाही.

आता फायनल, जी माझी स्वतःची. शनिवारी शाळा सकाळची. दप्तर फेकून मी माजघरात रेडिओपुढं बसलो. आमचा रेडिओ लाकडी पेटीचा, वर आईनं विणलेलं क्रोशाचं कापड. चालू केला की आतले व्हॉल्व्ह तापेपर्यंत मिनिटभर काही बोलायचा नाही. नंतर हळूहळू खरखरत जागा व्हायचा. एरियल म्हणून तांब्याच्या तारेची जाळीची पट्टी भिंतीवर ताणलेली. तिच्या खालून कुणी उठून गेलं की आवाज जायचा, म्हणून वडिलांनी सगळ्यांच्या जागा ठरवून दिल्या होत्या आणि हलायची बंदी होती. शेजारच्या घरात ट्रान्झिस्टर होता, त्याचे सेल उतरले होते. ते सेल सकाळपासून त्यांनी कौलांवर उन्हात ठेवले होते, म्हणजे तासभर तरी चालतील. मधेच बंद पडले, मग ते सगळे आमच्याकडं आले.

आजी स्वयंपाकघरात स्टोवर चहा ठेवत होती. पंपाच्या स्टोचा तो फरफर आवाज. पाकिस्ताननं पहिला गोल केला, जाहिदनं, आणि वडील रागानं ओरडले, “स्टो बंद करा, ऐकू येईना!” आजीनं चावी फिरवून हवा सोडली. चहा अर्धा उकळून तसाच. हाफ टाइमला आपण ०-१ नं मागं. घरात कुणी बोललं नाही. वडिलांनी रेडिओच्या पाठीवर हात ठेवून पाहिला, तापला होता. पण बंद करायची हिंमत कुणाला? परत लागला नाही तर?

उत्तरार्धात सुरजितसिंगनं पेनल्टी कॉर्नरवर बरोबरी केली. त्या गोलाचं मला फक्त वडिलांचं उभं राहणं आठवतं. ते उभे राहिले आणि आवाज गेला, कारण ते पट्टीखालून सरकले होते. सगळे ओरडले, “बसा, बसा!”

आणि मग अशोककुमारचा गोल. ह्या गोलावर पन्नास वर्षं वाद चालू आहे, क्वालालंपूरमध्येही आणि मंगळवार पेठेतही. बॉल गोलपोस्टच्या आतल्या कोपऱ्याला लागून बाहेर उसळला. पाकिस्तानचे खेळाडू म्हणत होते, गोल नाही. मलेशियन अंपायर विजयनाथन ह्यांनी गोल दिला. रेडिओवर आम्हाला आधी फक्त गलका ऐकू आला. जसदेवसिंगांचा आवाज चढला, मधेच खरखर आली, आणि मला आठवतं, वडील आणि शेजारचे काका एकमेकांकडं बघत होते, की झाला का नाही झाला? तेवढ्यात बाहेर रस्त्यावर आरडाओरडा झाला. गोल झाल्याचं आम्हाला आमच्या रेडिओनं सांगायच्या आधी रस्त्यानं सांगितलं. कुणाचा तरी सेट आमच्यापेक्षा स्वच्छ लागला होता.

पेठेत त्या गोलाची निदान तीन रूपं फिरतात. एक, बॉल जाळीत बसला होता आणि गोलीनं मागून ओढून काढला. दोन, बॉल पोस्टला लागून आला आणि अशोककुमारनं पुन्हा आत घातला. तीन, जे खरं आहे ते. पहिली दोन सांगणाऱ्यांना तिसरं सांगितलं तर ते ऐकून घेतात आणि पुढच्या वेळी परत पहिलंच सांगतात. कान जे ऐकतो त्याचं चित्र ज्यानं त्यानं आपापलं काढलेलं असतं, आणि एकदा काढलेलं चित्र पुसवत नाही. डोळ्यांनी पाहिलेल्या मॅचबद्दल माणसं एवढी हट्टी नसतात.

शेवटची मिनिटं कशी गेली, सांगता येत नाही. शिट्टी झाली तेव्हा आजीनं देवापुढं साखर ठेवली आणि तीच साखर मुठीमुठीनं सगळ्यांना वाटली. बाहेर तालमीच्या पोरांनी गुलाल काढला. कोल्हापुरात गुलाल निघायला कारण लागत नाही, पण कुस्ती किंवा फुटबॉल सोडून दुसऱ्या खेळासाठी गुलाल उधळलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. मिरजकर तिकटीला एका सायकलवाल्यानं पंक्चरच्या घमेल्याजवळ पाटी लावली होती, खडूनं लिहिलेली, ‘भा. २ – पा. १’. ती पाटी कुणी पुसू नये म्हणून तो रात्री तिच्यावर पोतं टाकून गेला. हे त्याच्या मुलानं मला सांगितलं. मुलगा आज स्वतः आजोबा आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ‘पुढारी’ येईपर्यंत वडील दारात उभे होते. निकाल माहीत असताना! छापून आलेलं वाचल्याशिवाय त्यांना ते खरं वाटत नव्हतं.

पुढचे काही आठवडे आम्ही पोरं गांधी मैदानावर बाभळीच्या वाकड्या फांद्या घेऊन हॉकी खेळलो. बॉल चिंध्यांचा, वरून सुतळी गुंडाळलेली. प्रत्येक जण अशोककुमार. अजितपालसारखा मधल्या फळीत खेळायला कुणी तयार नसायचं, त्यामुळं दोन्हीकडं दहा-दहा फॉरवर्ड. सुट्ट्या लागल्या, आणि सुट्टीनंतर मैदानावर पुन्हा फुटबॉल आला, तो कायमचा.

१९७६ मध्ये माँट्रिऑल ऑलिंपिकला हॉकी पहिल्यांदा कृत्रिम गवतावर खेळली गेली आणि आपण सातवे आलो. क्वालालंपूरचा कप खऱ्या गवतावर जिंकलेला होता. माती-गवतावर बॉल उसळतो, अडतो, त्याला स्टिकवर खेळवत न्यावं लागतं. आपली सगळी कारागिरी त्यात होती. टर्फवर वेग आणि दमसास. आणि टर्फ महाग. ज्या देशात पोरं बाभळीच्या फांदीनं खेळतात, तिथं टर्फ किती गावांत येणार? १९८२ चा वर्ल्ड कप मुंबईत झाला, आपण पाचवे, कप पाकिस्तानचा. दोष कुणाचा ह्यावर खूप लिहून झालंय. मला एवढंच दिसतं, की ज्या पिढीनं लेथ बंद करून मॅच ऐकली, तिला पुढं ऐकण्यासारखं फार थोडं मिळालं.

तरी मिळालं ते त्यांनी सोडलं नाही. १९९८ ला बँकॉकच्या एशियन गेम्समध्ये धनराज पिल्लेच्या संघानं दक्षिण कोरियाला टायब्रेकरमध्ये हरवून सुवर्ण आणलं तेव्हा काका पेढे घेऊन आले. धनराज खडकीचा, म्हणजे काकांच्या हिशेबात शेजारच्याच गावचा. आणि ५ ऑगस्ट २०२१. पंचगंगेचा पूर ओसरून फार दिवस झाले नव्हते, अजून कितीतरी घरांच्या भिंतींना ओल होती, गाळ काढलेल्या गाद्या रस्त्याकडेला पडलेल्या. सकाळी सातला टोकियोत जर्मनीशी ब्राँझसाठी मॅच. १-३ वरून आपण ५-४ वर आलो आणि शेवटचे सहा-सात सेकंद उरले असताना जर्मनीचा पेनल्टी कॉर्नर श्रीजेशनं अडवला. ४१ वर्षांनी ऑलिंपिक पदक. काकांनी ती मॅच नातवाच्या मोबाइलवर, डोळ्याजवळ धरून पाहिली. नंतर नातवानं तो शेवटचा कॉर्नर त्यांना परत परत दाखवला. पाचव्या-सहाव्या खेपेला काका म्हणाले, “आता पुरं. झिजंल.”

आमच्या गावात मेजर ध्यानचंदांच्या नावाचं हॉकी स्टेडियम आहे. रिक्षावाल्याला ‘हॉकी स्टेडियम’ म्हटलं की पुढं काही सांगावं लागत नाही. आयुष्यात हॉकीची एक मॅच न पाहिलेली माणसंसुद्धा रोज ते नाव घेतात, पत्ता म्हणून. पण सकाळी तिथं पोरं-पोरी खरोखर खेळतात. माझ्या पुतण्याची मुलगी त्यातली एक. नववीत आहे, फुलबॅक खेळते. तिला काकांच्या मॅचचं वेड लागलंय. मार्च २०२५ मध्ये त्या विजयाला पन्नास वर्षं झाली, तेव्हा तिनं काकांपुढं मोबाइल ठेवून सगळी सेमीफायनल रेकॉर्ड करून घेतली. पट्टे थांबले, टूल अडलं, तावीज, हातोडा, सगळं.

रेकॉर्डिंग संपलं तरी ती उठली नाही. म्हणाली, “पणजोबा, मग किंडोला काय वाटलं असेल?”

काकांना आधी नीट ऐकू गेलं नाही. तिनं परत विचारलं. अस्लमला आत घेतलं, म्हणजे किंडोला बाहेर काढलं. आपण हरतोय, पाच-सहा मिनिटं राहिलीत, आणि त्याला बाहेर बसवलं. त्यानं पुढची मॅच कुठून बघितली? त्याच्याशी कुणी बोललं का? तिला गेल्याच महिन्यात आंतरशालेय मॅचमध्ये शेवटच्या पाच मिनिटांसाठी बाहेर बोलावलं होतं. तिच्या जागी गेलेल्या मुलीनं गोल केला आणि शाळा जिंकली. सगळ्या त्या मुलीकडं धावल्या. हे तिनं घरी कुणाला सांगितलं नव्हतं. तेव्हा सांगितलं.

पन्नास वर्षांत आमच्या पेठेत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मीही नाही. मायकेल किंडो झारखंडच्या सिमडेगाकडचा आदिवासी खेळाडू, १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये खेळलेला, त्याच वर्षी अर्जुन पुरस्कार मिळालेला. संघातला नावाजलेला फुलबॅक. ३१ डिसेंबर २०२० ला रुरकेलाला ते गेले. त्यांची बातमी मी वाचली होती, आणि तेव्हाही माझ्या मनात आलं ते एवढंच, की अस्लम ज्यांच्या जागी आला ते हे. त्यांच्या बाजूनं ती मॅच मी कधी बघितलीच नव्हती.

काका गप्प बसून राहिले. मग चष्मा काढून पुसला आणि जरा चिडूनच म्हणाले, “आरं, त्याच्याआधी पाऊण मॅच कुणी अडवून धरली हुती? ते कोण सांगणार?” मोबाइलकडं बोट केलं. “चालू कर ते परत.” आणि त्यांनी सेमीफायनल पहिल्या मिनिटापासून पुन्हा सांगायला घेतली, ह्या खेपेला किंडोपासून.